एकतिसावा दिवस

नोव्हेंबरात सारेमा बेटावर साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
मी दिवा लावते आणि त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसते
जिथं एक आकडा लिहायचाय.
पुढं टक्क्याचं चिन्ह त्यांनी आधीच छापून ठेवलंय.

खाली सासरे कानशीनं लाकूड घासतायत.
जुनिपरचा वास जिन्यावरून वर येतो,
मिऱ्यासारखा, जुन्या औषधाच्या बाटलीसारखा.
किती ठरवलंस? ते ओरडतात,
जणू मी आमटीत मीठ घालतेय.
तसंच आहे म्हणा.

एक वाडगा: कर वजा जाता चाळीस युरो.
लाकूड पाच, हेल्डुरच्या हातांचे चौदा,
टपाल आठ, खोका नि गवत दोन.
उरले अकरा.
या अकरांत छपराची गळती, वीज, माझा हिवाळा,
आणि त्या अनोळखी माणसाचा वाटा
जो दूर कुठंतरी आपल्या वाचकांना म्हणेल,
हा वाडगा बघा.

पाच टक्के ठेवले तर दोन युरो.
दोन युरोंसाठी कोण कुणाचं नाव तोंडात घेतं?
वीस ठेवले तर आठ त्याला, तीन मला,
आणि वाडग्याबरोबर मीही थोडी विकली जाते.

रॉटरडॅमच्या येल्मरनं कळवलं: तीस.
त्याखाली मी बोलत नाही.
माझ्यामागे दोन लाख माणसं आहेत.
तीस म्हणजे बारा युरो. अकरातून बारा.
धंद्यात टक्के नंतर येतात, टोणपे आधी.
हेल्डुर म्हणाले, मग त्याला सांग,
लाकूडही तूच तोड.

बारा टक्क्यांवर थांबले.
दहा गिऱ्हाइकं आणली की पंधरा.

कौनासची रासा लगेच आली.
तिच्या पावाच्या फोटोत वाडगा मागं, अर्धा अंधारात,
पण नजर तिथंच जाते.
औलूच्या तुओमोनं नऊ आणली,
मग रात्री दोनला निरोप: एकच राहिलं ना?
दहावं गिऱ्हाईक त्याची बहीण. आडनाव एकच.
मी पंधरा दिले.
लोभ मीच पेरला होता, उगवल्यावर तक्रार कसली.

फ्राउकेच्या नावापुढं मात्र शून्य.
ब्रेमेन. वय एकाहत्तर.
महिन्यातून एकदा स्वयंपाकघराबद्दल पत्र लिहिते,
तीनशे जणांना.
पाच महिने शून्य.
तिचं नाव खोडायचं ठरवलं त्याच दिवशी
खोका बांधताना ऑर्डरीखालची ओळ दिसली:
फ्राउकेनं सांगितलं म्हणून.
जुन्या ऑर्डरी उपसल्या. अशा सात निघाल्या.

तारखा जुळवल्या.
तिचे वाचक तिच्यासारखेच.
लिंकवर बोट ठेवतात, मग जेवतात, झोपतात,
मुलीला विचारतात,
घरातला जुना वाडगा अजून फुटला नाही ना
ते हातात घेऊन पाहतात,
आणि चाळिसाव्या दिवशी विकत घेतात.
माझी कुकी तिसाव्या दिवशी सगळं विसरते.
कुणी धाडलं, कुठून आले, काही नाही.

महिनाभर मी टक्का घासत बसले होते.
दिवसांची चौकट भरूनच आली होती,
तिच्याकडं मी पाहिलंही नव्हतं.

तेहतीस युरो साठ सेंट पाठवले.
तीस खोडून नव्वद लिहिलं.

फ्राउकेचं उत्तर चार दिवसांनी आलं:
हे कशाचे? मी काही विकलं नव्हतं.
वाडगा चांगला आहे, एवढंच म्हटलं होतं.
आणि बाई, आकडा फार वाढवू नका.
माणसांना वास लागतो.

खाली जाऊन हेल्डुरना वाचून दाखवलं.
त्यांनी कानशीवरचा भुसा फुंकला.
नव्वदही कमीच, म्हणाले,
या झाडाला मनगटाएवढं व्हायला
शंभर वर्षं लागली.

वर येऊन पाहिलं.
चौकटीत दोनच अंक मावतात.
नव्वदाचे नव्व्याण्णव केले, दिवा मालवला.